मेंढरं ओळख देतील, असं मीच सांगितलं होतं

आमच्या वडिलांकडं एक एडका होता. तो आखाडा बाळापुरात शिंकला की वसमतच्या स्टँडवर उभी असलेली एसटी आपोआप चालू व्हायची. ड्रायव्हर लोक सकाळी उठून आधी एडक्याच्या नाकाची चौकशी करायचे. एका हिवाळ्यात त्याला सर्दी झालीच नाही, तर अर्ध्या तालुक्याची लग्नं नवरदेवावाचून खोळंबली.

तुम्ही आता हसला असाल, नाहीतर पान उलटायच्या बेतात असाल. आमच्याकडं दोन्ही होत नाही. आमच्याकडं समोर बसलेला माणूस शांतपणे एकच शब्द म्हणतो, "उतर."

ही रीत आधी सांगून टाकतो, कारण पुढची सगळी शरम तिच्यातूनच निघाली आहे.

बाजाराच्या दिवशी बाळापुरात मेंढरांचे सौदे आटपले की आमची माणसं लिंबाखाली टेकतात. चहा येतो आणि कुणीतरी थाप लावतो. थाप लावणाऱ्यासमोर एक हुंकाऱ्या बसतो. दर वाक्याला 'व्हय' म्हणायचं, एवढंच त्याचं काम. त्या 'व्हय'वर पाय देत देत थाप वर चढते, आणि आता ही फारच वर गेली असं हुंकाऱ्याला वाटलं की तो म्हणतो, 'उतर'. मग सांगणाऱ्यानं पुढच्याच वाक्यात जमिनीवर यायचं. 'तेवढ्यात मला जाग आली' हे चालत नाही, ते लेकरांचं उतरणं झालं. झोकात उतरायचं. म्हणजे असं: तो एडका नव्हताच, ते आमचे थोरले चुलते होते, आणि ते डेपोत मेकॅनिक होते. उतरता आलं नाही तर सगळ्यांचा चहा तुमच्या माथी. पण 'उतर' म्हटल्यावर 'मी उतरत नाही' असं म्हणणारा माणूस त्या लिंबाखाली कुणी पाहिलेला नाही. ते म्हणजे पंगतीतून भरलं ताट घेऊन पळून जाणं.

माझा हुंकाऱ्या म्हणजे किसनमामा, आईचे धाकटे भाऊ. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. अंगानं काटकुळे, पण 'उतर' असं म्हणायचे की वरून जाणाऱ्या विमानानं नांदेडची वाट न बघता आमच्या हरभऱ्यात टेकावं. बोलायला मी आईकडून शिकलो. थांबायला मामांकडून.

थापांचा हा धंदा मी पुढं पुण्यात नेला. मी कॉम्प्युटर गेमच्या गोष्टी लिहितो. कामाचं इंग्रजी नाव मोठं झोकदार आहे, पण मामीनं विचारलं तेव्हा मी सोपं करून सांगितलं, "मामी, कॉम्प्युटरातली माणसं मुकी असत्यात. मी त्यायला बोलायला शिकवतो."

"तुला कुनी गप बसायला शिकवलं असतं तं बरं झालं असतं," मामी म्हणाली.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम म्हणजे इंटरनेटवर वसवलेला एक मुलूख. माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात शिरतात. तिथं शिरलं की कुणी लोहार, कुणी सरदार, कुणी चोर. बँकेत दिवसभर खाली मान घालून बसणारा माणूस तिथं संध्याकाळी घोड्यावर असतो. उरलेल्या जागा भरायला कॉम्प्युटरनं चालवलेली माणसं असतात: सरायवाला, वैद्य, मेंढपाळ. ती तुम्हाला कामं सांगतात. माझी म्हैस हरवलीय, शोधून आण, मी तुला तलवार देतो. म्हशीच्या बदल्यात तलवार कोण देतं असं विचारायचं नाही. ते बोलणं लिहिणारा माणूस मी.

'अग्निखोरे' नावाचा असाच एक खेळ आमची कंपनी बनवत होती. पैसा इतका ओतला होता की ऑफिसातल्या कुंडीतल्या झाडालासुद्धा बिसलरीशिवाय पाणी चालत नव्हतं. हा सगळा पैसा दिसण्यावर चालला होता. मेंढीच्या अंगावरचा एकेक केस वाऱ्यावर वेगळा हलला पाहिजे, यासाठी परदेशातून माणसं आणली होती. आणि हलायचाही, खोटं कशाला बोलू! आमच्या ओल्या मेंढीला येतो तसा वास तेवढा यायचा बाकी होता. डोकं मात्र रिकामं होतं. ते शेवटी भरू, असं ठरलं होतं.

एके दिवशी कँटीनमध्ये मी एडक्याची गोष्ट लावली होती. आमच्या मोठ्या साहेबीण, ऋतुजा मॅडम, मागं ताट घेऊन उभ्या राहिल्या आणि डोसा गार होईपर्यंत ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "दादा, तुम्ही कॅमेऱ्यासमोर बसा. दर शुक्रवारी लाइव्ह. खेळात काय काय असणार आहे ते तुमच्या भाषेत लोकांना सांगा."

मी बसलो. समोर माणूस नाही, एक काळी काच. सांगायला लागलो की स्क्रीनच्या कडेनं लाल बदाम तरंगत वर जायचे. मला वाटलं, हेच ते 'व्हय'. फरक मला फार उशिरा कळला. बदाम फक्त वर जातात. 'उतर' म्हणायला त्या यंत्रात बटणच नाही.

वसमतला हळदीच्या अडतीवर काम करणारा सोपान नावाचा गडी आमचा कट्टर चाहता. पहिल्याच शुक्रवारी त्यानं लिहून विचारलं, "दादा, अग्निखोऱ्यात हळदीचा बाजार राहील का?"

आपल्या जिल्ह्याचा माणूस! मी पाघळलो. म्हणालो, "राहील का म्हणून काय इचारतो? रुमालाखाली बोटं धरून सौदा होईल. भाव पाडून मागितला तं अडत्या रुसून बसंल, तुझ्याशी पुढच्या बाजारालाच बोलंल."

बदामांचा धूर झाला. सोपाननं वसमतमध्ये चाहत्यांचं मंडळ काढलं. खेळ यायच्या आधीच यांच्यात कोण खरेदीदार, कोण मापाडी, कोण हमाल हे वाटून झालं. एकानं अडत्या व्हायचं म्हणून मिशी वाढवली. गेममध्ये मिशी बटण दाबून येते, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तू बोलायच्या आधी ऑफिसात विचारत नव्हतास का? विचारायचो की. प्रोग्रामर पोरांकडं जाऊन विचारायचो, अडत्याला रुसता येईल का? ती म्हणायची, "टाकता येईल." आमच्या धंद्यातला हा सगळ्यात घातकी शब्द. टाकलंय आणि टाकता येईल यांच्यामध्ये सिद्धेश्वरच्या धरणाएवढं पाणी असतं. मी ते शुक्रवारी एका उडीत पार करायचो आणि सोमवारी पोरं बुडायची. कारण शुक्रवारी लोकांना जे आवडलं ते आधी करा, असा मॅडमचा हुकूम. अर्धी झालेली तलवारबाजी बाजूला, अडत्याचं रुसणं सुरू. ते अर्धं होतंय तोवर पुढचा शुक्रवार. एवढा पैसा असून तो खेळ का फसला यावर पुढं शहाण्या लोकांनी लांबलचक व्हिडिओ केले. सर्व्हर कमी पडले म्हणाले, घाई झाली म्हणाले. तेही होतंच. पण त्या घरात एकही खोली छतापर्यंत का गेली नाही हे मला विचारा. दर आठवड्याला मी नवा पाया खणायला लावत होतो.

जनावरांचं चालणं-बोलणं बनवणारा कौस्तुभ एकदा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. डोळे बोरांसारखे लाल.

"दादा, मेंढ्यांना अजून उतारावरून नीट चालता येत नाहीये. आणि तुम्ही काल त्यांना आठवणी दिल्यात?"

"मालकाला ओळखणारच ना ती! मेंढरं हायत, भाडेकरू हायत का?"

तो हसलाही नाही. मॅडमकडं गेला. मॅडम म्हणाल्या, "लोकांना आवडलंय. बघ काही जमतंय का."

ही मेंढरांची थाप कुठून आली तेही सांगितलं पाहिजे. त्या वर्षी मामांनी कळप विकला होता. गुडघे गेले, चराईला रान उरलं नाही, आणि मुलाला साखर कारखान्यातली नोकरी सोडून मेंढरांमागं हिंडायचं नव्हतं. विकल्यावरही मामा बाजाराला यायचे, पण लिंबाखाली नुसते टेकायचे. मी थाप लावली तरी 'व्हय' येईना. एडका शिंकवला, चुलते डेपोत पाठवले, काही उपयोग नाही. विकलेल्या मेंढरांतल्या पाटलिणीची घंटी तेवढी त्यांनी ठेवून घेतली होती. पाटलीण म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी त्यांची म्हातारी मेंढी. घंटी बंडीच्या खिशात, हात तिच्यावर.

म्हणून मी ऑफिसात म्हणालो, खेळातल्या मेंढपाळाला खरा आवाज पाहिजे, माझ्या मामांचा घ्या. पुण्याहून आवाजवाले आले. मामांनी शेताच्या बांधावर उभं राहून हाक दिली, "हिर्रर्र... ये ये ये, पाटलीण, ये!" रान रिकामं होतं. हाक जाऊन परत आली आणि मामा उगाच तिकडं बघत राहिले. आवाजवाली पोरगी डोळे पुसायला लागली. मी मात्र कामावर होतो.

"मामा," मी म्हणालो, "तुमचा कळप परत येऊन राहिला."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. कित्येक दिवसांनी ओठ हलले. "व्हय?"

"तुमी माइकात हाक मारली की मेंढरं मान वळवून बघतील. पाटलीण, भिंगरी, काजळी, सगळ्या."

"व्हय."

"दुसऱ्या कुनी कितीबी बोलवलं तरी यायच्या न्हाईत."

"व्हय."

"तुमी एखाद्या दिशी आला न्हाईत तं त्या चाऱ्याला तोंड लावायच्या न्हाईत!"

मामा हसले. अगदी जुनं, एक गाल वर जाणारं हसू. मग मान हलवून म्हणाले, "उतर, मारत्या."

इथं मी उतरलो असतो तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. कशीही उडी मारता आली असती. 'चाऱ्याला तोंड लावायच्या न्हाईत कारण चारा मामीनं शिजवलाय' म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "न्हाई मामा. ह्या बारीला उतरायचं न्हाई. हे खरं हाय."

खरं वाटतच होतं मला. त्याच आठवड्यात कौस्तुभनं ऑफिसात मामांची जुनी मोबाइलमधली हाक वाजवून दाखवली होती आणि पडद्यावरच्या एका मेंढीनं खरोखर मान वळवली होती. कौस्तुभ पाठीमागं हात लपवून बटण दाबत होता, आणि हा नुसता नमुना आहे, असं दोनदा सांगत होता. मला मेंढीची मान दिसली. हात दिसला नाही.

मामांचं म्हणाल तर त्यांचा हिशेब सरळ होता. 'उतर' म्हटल्यावर न उतरणारा थापाड्या जगात नाही. मारत्या उतरला नाही. म्हणजे ही थाप नाही.

खेळ सुरू व्हायच्या दिवशी बाळापुरातल्या एका कॉम्प्युटर क्लासात सगळे जमलो. सोपानचं मंडळ वसमतहून जीप भरून आलं, पेढे घेऊन. मिशीवाला अडत्याही होता. मामा धुतलेलं धोतर, नवा फेटा बांधून आले. मामीनं विचारलं होतं म्हणे, कुनाचं लगीन हाय? तर म्हणाले, "मेंढरं यायलीत." पुढच्या खुर्चीवर बसले, घंटी काढून मांडीवर ठेवली.

आधी तर आत शिरताच येईना. पडद्यावर रांग. पुढं इतकी माणसं आहेत, थांबा. सोपान म्हणाला, "दादा, राशनच्या दुकानाची रांग तुमी इथंबी आनली का?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा हसता येत होतं.

दुपार कलली आणि एकदाचे आत गेलो. डोंगर, नदी, आभाळ. खोलीतून 'आई गं' असा आवाज आला. मामांनी पुढं होऊन काचेवरच्या मेंढीच्या लोकरीवर बोट फिरवलं. सोपाननं हळदीचा बाजार गाठला. मोठी कमान, आत पिवळ्याधमक राशी. आत जायला गेला तर भिंतीवर आदळला. परत गेला, परत आदळला. बाजार भिंतीवर रंगवलेला होता. अडत्या दारात उभा होता, पण काहीही विचारलं तरी एकच वाक्य बोलत होता, "आज हवा छान आहे."

"रुसलाय," मिशीवाला हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही.

"राहू द्या बाजार," सोपान म्हणाला. चांगलं पोरगं आहे. "मामाची मेंढरं बघू."

कुरणात कळप उभा होता. सगळ्या मेंढ्या हुबेहूब एकसारख्या, एकाच साच्यातल्या. त्यातली एक दगडी भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत होती. सोपाननं माइक मामांच्या तोंडापाशी धरला.

"हिर्रर्र... ये ये ये! पाटलीण, ये!"

लोकर वाऱ्यावर हलली. मान एकही वळली नाही.

मामांनी घसा साफ केला. घंटी वाजवली. परत हाक मारली, यावेळी जोरात, रानात मारतात तशी. बाहेर रस्त्यावरची माणसं डोकावली. मेंढ्या उभ्या. भिंतीवाली चालतेय.

"बटन दाबावं लागतं का काही?" एकानं विचारलं. सोपाननं जे दिसेल ते दाबलं. एक चकचकीत दुकान उघडलं: मुकुट, झगे, सोन्याचे घोडे, सगळं खऱ्या पैशानं विकायला. गडबडीत त्याच्याकडून कसलीशी टोपी विकत घेतली गेली, आणि त्याबरोबर खोलीभर घुमलं, "हिर्रर्र... ये ये ये!"

मामांचीच हाक. बांधावर घेतलेली. मेंढपाळाला द्यायची ती कुणीतरी दुकानाला दिली होती. गिऱ्हाइकानं पैसे टाकले की वाजायची.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. सोपान शिव्या देईल असं वाटलं, देशभरचे लोक तेव्हा स्क्रीनच्या कडेनं देतच होते. तो एवढंच म्हणाला, "काहून दादा? आमी काय मागितलं व्हतं तुमाला? तुमीच तं सांगत व्हता."

पण तोंडाला सवय. ते उघडलंच. "अरे, हा पहिलाच दिवस हाय. मेंढरायला बी नवीन जागा हाय. ओळख पटायला जरा येळ..." बोलता बोलता मी मामांकडं पाहत होतो. मनातून विनवत होतो, आता म्हणा. चारचौघांत म्हणा. उतर म्हणा आणि मला खाली घ्या.

मामा पडद्याकडं बघत म्हणाले, "व्हय."

आणि पुढं बोट करून त्या भिंतीला नाक लावलेल्या मेंढीकडं दाखवलं. "ही भिंगरी हाय. अशीच येडी व्हती. वळखलं तिनं मला, बराबर वळखलं. इकलं म्हून रुसली, तोंड दाखवंना. आता उगं तरास दिऊ नका तिला."

ज्या माणसानं जन्मभर मला खाली उतरवलं, तो माणूस मला झाकायला स्वतः वर चढला. हुंकार द्यायची पाळी आता माझी होती. 'व्हय' म्हणायला माझी जीभ उचलली नाही. सोपाननं म्हटलं. मिशीवाल्यानं म्हटलं. मग सगळ्या मंडळानं एकेक करून म्हटलं, "व्हय मामा." मामांनी घंटी खिशात टाकली, वाजू नये म्हणून लोलक बोटात धरून. पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

पुढचं थोडक्यात. मॅडमनी मला कॅमेऱ्यासमोर माफीचं भाषण वाचायला दिलं. 'तुमचं प्रेम हीच आमची प्रेरणा' असं त्यात होतं. मी वाचलं. बदाम आले नाहीत. चाहते गेले, मग मॅडम गेल्या, मग ऑफिसातली झाडं वाळली. उरलेल्या चारदोन पोरांनी मात्र खेळ धरून ठेवला आणि दुरुस्त करत राहिली. परवा परवा कौस्तुभचा फोन आला. "दादा, मेंढ्या वळतात आता. आवाज ओळखून. मामांची हाक दुकानातून काढून कुरणात टाकली. बटण नाही, शप्पथ."

मी स्वतः पाहिलं. वळतात.

तसाच बाळापूरला गेलो. बाजाराचा दिवस होता. मामा लिंबाखाली होते. आजकाल परत 'व्हय' म्हणतात, मी काहीही बोललो तरी. समोर टेकलो आणि म्हणालो, "मामा, मेंढरं वळून बघत्यात आता. तुमच्या आवाजाला. म्या डोळ्यानं पाहिलं."

"व्हय," मामा म्हणाले.

"खरं सांगून राहिलो."

"व्हय."

त्यांचा आवाज तपासायचा म्हणून मी एडका काढला. म्हणालो, वडिलांचा एडका काल सिद्धेश्वरला गेला आणि अख्खं धरण पिऊन आला, मासे दाढीत अडकलेत.

"व्हय." तोच आवाज. तेवढाच. तसूभर कमी नाही, जास्त नाही.

मी धरण आभाळावर नेलं. पूर्णा नदी उलटी वाहवली. भोवतालची माणसं वाट बघायला लागली. मामा व्हय, व्हय म्हणत राहिले. शेवटी मीच त्यांचा गुडघा धरला. "मामा, उतर म्हना की."

मामांनी चहाची बशी खाली ठेवली. रागावले नव्हते. एखाद्या विसरभोळ्या माणसाला आठवण करून द्यावी तसे म्हणाले, "काहून? तूच तं म्हनला व्हतास, उतरायचं न्हाई म्हून."

आणि माझ्याकडं तोंड करून, पुढच्या वाक्याची वाट बघत बसले.